यांचं पाणी कुठून येतं?

नानांना सौंदर्यदृष्टी नाही, हा मावशीचा त्यांच्यावरचा लग्नापासूनचा आरोप. पुराव्यादाखल ती महाबळेश्वरची हकिगत सांगते. सूर्यास्ताच्या वेळी अख्खी गर्दी पश्चिमेकडे तोंड करून उभी, आणि तिचे नवेकोरे यजमान खाली वाकून कठड्याची दगडी चिणाई तपासत होते. नाना आरोप नाकारत नाहीत. "कठडा ढासळला असता तर सूर्यास्त कोणी बघितला असता?" एवढंच विचारतात आणि पेपर उघडतात.

अशी माणसं तुमच्याही घरात असतील. लग्नाच्या हॉलवर मंगलाष्टकं चालू असताना हे मागच्या बाजूला जाऊन हात धुवायचं पाणी कुठे सोडलंय ते बघून येतात. वास्तुशांतीला गेले की यजमानांना आहेर देण्याआधी बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून ते जाळीकडे जातंय की दाराकडे, याचा निकाल लावतात. आजाऱ्याला भेटायला दवाखान्यात गेले की त्याच्या उशाशी बसून विचारतात, "लाईट गेली तर लिफ्टची व्यवस्था काय?" आजारी माणूस घाबरतो. नानांना त्याला घाबरवायचं नसतं. जगात प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी काहीतरी व्यवस्था केलेली असते आणि ती केली कोणी, किती पैशात केली, आता ती बघतं कोण, हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, इतकंच.

नाना बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी कोकणात गेली. मोऱ्या, साईडपट्ट्या, घाटातल्या दरडी आणि खाडीवरचे पूल यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि मावशीच्या मते बोलण्याचे विषयही तिथेच संपले. खिशात अजून एक डायरी असते. घरात तिला सगळे 'एमबी' म्हणतात, म्हणजे मेजरमेंट बुक. पाहुण्यांच्या घराच्या जिन्याची पायरी किती इंच, हेसुद्धा तिच्यात सापडेल.

तर अशा माणसाला आइसलंडला न्यायची कल्पना माझ्या मावसबहिणीची. ती नोकरीनिमित्त रेक्याविकला असते. २०२५च्या उन्हाळ्यात तिने आईवडिलांना बोलावलं आणि बॅगा उचलायला मला. ती म्हणाली, गर्दीच्या जागा नकोत, आपण एकदम टोकाला, वेस्टफ्योर्ड्समध्ये जाऊ, ईसाफ्योर्दूरला. नानांनी नकाशा उघडला, त्या बंदराच्या तिन्ही बाजूंचे डोंगर बघितले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "इथे रस्ता नेला कसा?" सहल तिथेच ठरली.

रेक्याविकपासून ईसाफ्योर्दूर साधारण साडेचारशे किलोमीटर. त्यातला शेवटचा टप्पा ज्याने केला त्याला अंतर या शब्दावर विश्वास राहत नाही. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत समुद्र शिरून हे फ्योर्ड झालेले. रस्ता काठाकाठाने जातो. म्हणजे फ्योर्डच्या तोंडाशी आलात की समोरचा काठ दिसतो, त्यावरचा रस्ता दिसतो, आपल्या पुढे गेलेली पांढरी गाडीही दिसते. पण तिथे पोचायला आत शेवटपर्यंत जायचं, वळसा घालायचा आणि परत बाहेर यायचं. तो संपला की दुसरा. मावशी प्रत्येक वळणावर म्हणे, "अगं, आपण मगाशी इथेच होतो." नाना मात्र अशा खुशीत होते, जणू जुन्या कचेरीत कोणी बोलावून सत्कार करतंय.

"खाडीच ही," ते म्हणाले. "आपल्याकडे नदीने केली, इथे बर्फाने. पण दुःख तेच. पलीकडच्या गावाला हाक मारली तर ऐकू जाईल, आणि वरात न्यायची तर सकाळी निघायला हवं."

म्योईफ्योर्दूरवर २००९ साली पूल झाला आणि तिथला वळसा वाचला, असं बहिणीने सांगितलं, तेव्हा नानांनी गाडी थांबवायला लावली. मावशीला वाटलं, फोटो. नाना उतरले, पुलाच्या खाली डोकावले, वर आले आणि पुलाला चक्क नमस्कार केला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "भराव चांगला केलाय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्यांच्या तोंडून त्यांच्या जावयालाही मिळालेलं नाही.

पुढे एका ठिकाणी डोंगर अगदी रस्त्यापर्यंत उतरला होता. काळा कातळ, थरावर थर, मध्ये लालसर पट्टी, परत काळा थर. नानांनी त्याच्यावर तळहात ठेवला. "अरे, हा तर आपलाच दगड!" खरंच होतं ते. सह्याद्रीही लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आणि हाही. आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वेस्टफ्योर्ड्सचा आइसलंडमधला सगळ्यात जुना, तरी दीड कोटीच्या आसपास. "म्हणजे पोरगा आहे अजून," नाना म्हणाले आणि लहान मुलाच्या पाठीवर मारावी तशी कातळावर थाप मारली.

ईसाफ्योर्दूर दिसलं तेव्हा गाडीत काही क्षण कोणी बोललं नाही. सपाट माथ्याचे, उभ्या कड्यांचे डोंगर तिन्ही बाजूंनी, मध्ये फ्योर्डचं काचेसारखं पाणी, आणि त्या पाण्यात गळासारखं वळून शिरलेलं एक सखल भूशिर. त्याच्यावर रंगीत पत्र्यांची घरं, बोटी, क्रेन, एक चर्च. एवढंच गाव. वस्ती तीन हजारांच्या आत. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती नानांकडे वळून म्हणाली, "बघा तरी!"

नाना बघत होते. म्हणाले, "यांचं पाणी कुठून येतं?"

पुढचे दोन दिवस या प्रश्नाने आम्हाला सोडलं नाही. गेस्टहाऊसच्या काउंटरवरच्या मुलीला नानांनी विचारलं. तिने हसून नळाकडे बोट केलं. "ते झालं," नाना सौजन्याने म्हणाले, "पण नळात कुठून?" मुलीने खांदे उडवले. हे खांदे उडवणं नानांना फार लागलं. "रोज पाणी पिते आणि माहीत नाही!" खोलीत येऊन त्यांनी एमबीत नोंद केली. जुलैच्या मध्यरात्रीही बाहेर लख्ख उजेड होता, त्यामुळे त्यांना दिवाही लावावा लागला नाही.

सकाळी बंदरात एक प्रचंड क्रूझ बोट येऊन उभी राहिली. गावातल्या सगळ्यात उंच इमारतीपेक्षा तिचे मजले जास्त. तिच्या पोटातून इतकी माणसं उतरली की गावकरीच पाहुणे वाटायला लागले. आम्ही बोटीचे फोटो काढले. नाना गर्दी मोजत होते. "तीन हजारांचं गाव, त्यात तीन हजार माणसं एका सकाळी. संडास किती?" मग स्वतःच फेरी मारून आले. आकडा काय होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण परत आले ते समाधानाने. वाटेत एका इंग्रज बाईला त्यांनी रस्ताही दाखवला म्हणे. नव्या गावात पोचून बारा तास व्हायच्या आत परक्याला स्वच्छतागृह दाखवू शकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

भूशिराच्या टोकाला अठराव्या शतकातली चार लाकडी घरं आहेत. डेन्मार्कचे व्यापारी इथून मासळीचा व्यापार करायचे, त्या काळची. सगळ्यात जुनं १७५७चं, सगळ्यात नवं १७८४चं, आणि त्या नव्यात आता संग्रहालय आहे. तिथे मावशी पहिल्यांदा नानांच्या पुढे गेली. ती मालवणची. भिंतीवरच्या जुन्या फोटोत गावातल्या बायका उन्हात दगडांवर खारवलेले कॉड मासे पसरवत होत्या. मावशी त्या फोटोसमोरून हलेना. "पाऊस आला की अशीच धावपळ होत असणार यांची," ती म्हणाली. "आणि कावळे?" कर्मचाऱ्याला विचारावं लागलं. कावळ्यांचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही. तो खारा मासा इथून स्पेनपर्यंत जायचा. नानांना मात्र वेगळंच घबाड लागलं होतं. आइसलंडमध्ये मासेमारीच्या होडीला पहिलं इंजिन बसलं ते १९०२ साली, या गावात. "वल्ही मारून मारून हात गेले असतील, त्याशिवाय नाही सुचत असं," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प होते. नोकरीच्या सुरुवातीला खाडी पार करून साईटवर जायचे तेव्हाची तर त्यांना आठवली असावी. पण नाना असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

शेजारच्याच एका जुन्या घरात जेवण होतं. तापलेल्या लोखंडी तव्यांत त्या दिवशीची मासळी येते आणि आपण लांब बाकांवर बसून हवी तितकी वाढून घ्यायची. मावशीने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "ताजेपणाला तोड नाही. कोकम असतं तर..." मग पर्समधून तिखटाची पुडी काढली. नाना तिसऱ्यांदा वाढून घेताना आचाऱ्याला विचारत होते, "माशाच्या कातड्याचं काय करता?"

आम्ही माना खाली घातल्या. पण हाच तर नानांचा त्रास आहे. त्यांचा प्रश्न नव्वद टक्के वेळा लाज आणतो आणि उरलेल्या दहा टक्के वेळा असं काही बाहेर काढतो, की लाज आपल्यालाच वाटावी. आचारी हातातला झारा खाली ठेवून सांगायला लागला. कॉडच्या कातड्यापासून जखमा भरून आणणारं औषधी आवरण करणारी केरेसिस नावाची कंपनी याच गावात सुरू झाली. २०२३ साली कोलोप्लास्ट या डॅनिश कंपनीने ती १३० कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला विकत घ्यायचं ठरवलं. नानांनी काटा खाली ठेवला. "आपण कचरा म्हणून विचारलं," ते मला हळूच म्हणाले, "त्याने बँक दाखवली."

दुपारी गावासमोरच्या डोंगरात दिसणारी एक मोठी पोकळ बैठक बघायला गेलो. कोणीतरी कड्यातून प्रचंड चमच्याने घास काढून घ्यावा तसा खोलगट भाग आहे. गावची गोष्ट अशी, की एक राक्षसीण डोंगरावर बसून फ्योर्डच्या पाण्यात पाय सोडून बसली आणि तिच्या वजनाने हे झालं. बहिणीने ती रंगवून सांगितली. नानांनी शांतपणे ऐकून घेतली. "हिमनदीच्या उगमाचा खड्डा आहे," ते म्हणाले. मावशीने कपाळावर हात मारला. नानांना बहुधा वाईट वाटलं. थोडं थांबून, मावशीच्या बाजूला न बघता, त्यांनी पुस्ती जोडली, "पण बसायला जागा उत्तम निवडलीय. वारा लागत नाही."

आता तरणतलावाची गोष्ट. आइसलंडमध्ये गाव कितीही लहान असो, तरणतलाव असतोच, आणि त्यात उतरण्याआधी साबण लावून, अंगावर काहीही न ठेवता आंघोळ करावी लागते. भिंतीवर मानवी आकृती काढून कुठे कुठे साबण लावायचा ते रंगवून दाखवलेलं असतं. पुरुषांच्या आंघोळीच्या खोलीत मी आणि नाना त्या चित्रासमोर उभे राहिलो. नाना म्हणजे घरात बनियन बदलतानाही दाराला कडी लावणारा माणूस. मला वाटलं, आता परत फिरणार. त्यांनी चित्र वाचलं. पुन्हा वाचलं. "पाण्यात औषध कमी घालावं लागत असेल यामुळे," ते विचार करत म्हणाले. "शास्त्रशुद्ध आहे." आणि नियम तो नियम, असं म्हणून पंचा खुंटीला लावून थेट शॉवरखाली गेले. मीच अर्धा मिनिट मागे राहिलो.

आत गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून गावातले म्हातारे गप्पा मारत होते. आपल्याकडे पारावर बसतात त्या वयाचे आणि त्याच निवांतपणाचे. नाना त्यांच्यात शिरले. एक निवृत्त खलाशी, भुवया पांढऱ्याशुभ्र, त्यांच्या शेजारी. नानांचं इंग्रजी कचेरीतलं, त्याचं बोटीवरचं. "काइंडली टेल, सर," नानांनी सुरुवात केली, "वॉटर सोर्स ऑफ द टाऊन?"

तो म्हातारा हसायला लागला. इतका हसला की हौदातलं पाणी हललं. आपल्याला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला, "बोगद्यातून!"

मग जी हकिगत निघाली ती अशी. हे फ्योर्ड एकमेकांपासून डोंगरांनी तोडलेले. हिवाळ्यात घाट बर्फाने बंद व्हायचे आणि शेजारचं गाव म्हणजे दुसरा देश. म्हणून डोंगर फोडून बोगदा खणायचं ठरलं. १९९३ साली खणता खणता खडकातून पाण्याचा लोंढा फुटला, साक्षात धबधबा. काम अडलं. पण ते पाणी थंडगार आणि निर्मळ होतं. मग रस्त्याचं काम वाट काढत पुढे गेलं, बोगदा १९९६ साली खुला झाला, आणि ते पाणी नळाने गावाकडे वळवलं. आज ईसाफ्योर्दूर जे पाणी पितं ते त्या बोगद्यातलं.

नानांचा चेहरा मी अनेक प्रसंगी पाहिला आहे. मुलीच्या लग्नात, नातवाच्या बारशाला, निरोपसमारंभात शाल मिळाली तेव्हा. पण हा चेहरा वेगळाच होता. उभी हयात ज्या माणसाने खडकातून पाणी लागलं की डोक्याला हात लावला, एस्टिमेट वाढलं म्हणून वरच्यांची बोलणी खाल्ली, त्याला कोणीतरी सांगत होतं की पाणी लागलं आणि गावाने ते पिऊन टाकलं. "ब्रिलियंट," नाना म्हणाले. "ब्रिलियंट." मग उठून त्या म्हाताऱ्याशी हौदातच हात मिळवला. दोघांच्याही अंगावर जेमतेम कपडे, पण गांभीर्य असं, जणू दोन राष्ट्रांत करार झाला.

अर्थात दुसऱ्या दिवशी बोगद्यातून जाणं आलंच. नऊ किलोमीटरहून थोडा जास्त, आणि मजा म्हणजे आत डोंगराच्या पोटात चक्क तिठा आहे. एक फाटा एका फ्योर्डला, दुसरा दुसऱ्याला. ईसाफ्योर्दूरच्या बाजूला दोन मार्गिका, पुढे एकच, आणि समोरून गाडी आली की बाजूच्या खाचेत थांबायचं. आमच्यासमोर एक ट्रक आला. त्याने दिवे मंद केले, बहीण खाचेत शिरली, ट्रक हात करून गेला. हॉर्न नाही, काच खाली करून कुणाच्या वडिलांचा उद्धार नाही. नानांना कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा आठवला. साडेसहा किलोमीटरचा. "पण त्यात तिठा नाही," ते म्हणाले. हार मान्य करण्याची त्यांची ही पद्धत.

पलीकडे फ्लातेरी. मासेमारीचं छोटं गाव, डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या वरच्या अंगाला गवताने झाकलेले दोन प्रचंड बांध आहेत, उलट्या व्हीच्या आकाराचे, पंधरा-वीस मीटर उंच. २६ ऑक्टोबर १९९५च्या पहाटे इथे हिमकडा कोसळला आणि वीस माणसं गेली. त्याच वर्षी जानेवारीत पलीकडच्या सूदावीकमध्ये चौदा गेली होती. सूदावीक तर नंतर जरा दूर, सुरक्षित जागी नव्याने वसवलं. जुन्या घरांत आता फक्त उन्हाळ्यात राहतात. फ्लातेरीला बांध घातले, येणारा बर्फ दोन्ही बाजूंना वळवून समुद्रात सोडायला. जानेवारी २०२०मध्ये परत कडा आला. बराचसा वळला. थोडा बांधावरून उडून एका घरावर गेला, तिथली मुलगी गाडली गेली, पण तिला जिवंत बाहेर काढलं.

नाना बांधावर चढले. मी मागोमाग. वर उभं राहून त्यांनी एकदा डोंगराकडे बघितलं, एकदा गावाकडे. प्रश्न होतेच. पैसे कोणी दिले? बहिणीने फोनवर शोधून सांगितलं, देशभरातल्या घरांच्या विम्यावर छोटा कर आहे, त्यातून असे बांध होतात. "म्हणजे रेक्याविकच्या माणसाने फ्लातेरीच्या बांधाला पैसे दिले," नाना म्हणाले. एमबी काढली, पण लिहिलं नाही. ३० जुलै २०१४ला माळीणचा डोंगर गावावर आला तेव्हा नाना निवृत्तीला टेकले होते. रस्ता मोकळा करायला गेलेल्या पथकात होते. त्याबद्दल त्यांनी घरी कधी काही सांगितलेलं नाही, आणि मावशीनेही विचारलेलं नाही. ती खालून हाक मारत होती, "उतरा आता, निसरडं आहे." ते उतरले. खाली येताना बांधाच्या उतारावरचा एक सुटा दगड त्यांनी पायाने नीट आत दाबला.

फ्लातेरीतच जुनं पुस्तकांचं दुकान आहे, १९१४ पासूनचं. जुनी पुस्तकं तिथे किलोवर विकतात. मोठा तराजू ठेवलेला आहे. रद्दीच्या दुकानाबाहेर तासन्‌तास उभं राहण्यात ज्याचं बालपण गेलं त्या मराठी माणसाला याहून मोठा गोतावळा परदेशात मिळणार नाही. नानांनी आधी काटा शून्यावर आहे ना, ते पाहिलं. मग एक किलो पुस्तकं घेतली. सगळी आइसलँडिक भाषेत. "वाचणार कोण?" मावशी. "वाचायला कशाला? वजन बरोबर दिलं त्याने," नाना. त्यातलं एक जहाजांच्या दुरुस्तीवरचं निघालं, आकृत्यांसकट. ते आता पुण्यात त्यांच्या उशाशी असतं.

निघायच्या दिवशी बेकरीत कॉफी प्यायला बसलो. बाहेर भुरभुर पाऊस. मावशीने काउंटरवरच्या बाईंना विचारलं, हिवाळ्यात कसं असतं हो? (मावशीचे प्रश्न माणसांबद्दल असतात, म्हणून त्यांना उत्तरं पटकन मिळतात.) बाई म्हणाल्या, नोव्हेंबरच्या अखेरीपासून सूर्य डोंगरामागे जातो तो गावाला दिसतच नाही. उजेड थोडा येतो, सूर्य नाही. २५ जानेवारीच्या सुमाराला पहिलं ऊन गावातल्या रस्त्यावर पडतं. त्या दिवशी घरोघरी, कचेऱ्यांत, शाळांत पॅनकेक करायचे, साखर किंवा जॅम-क्रीम भरून, आणि एकमेकांना कॉफीला बोलवायचं.

"दोन महिने ऊन नाही," नाना कासावीस झाले. "मग ड जीवनसत्त्वाचं काय?"

बाईंनी मागच्या फळीवरची बाटली दाखवली. कॉडच्या यकृताचं तेल. रोज एक चमचा. नानांनी मान डोलावली आणि कॉफीचा घोट घेतला. मावशी मात्र दुसऱ्याच विचारात. तिने फोनवर कालनिर्णय उघडलं होतं. "अहो, २०२६ची रथसप्तमी बघा," ती म्हणाली. "२५ जानेवारीच आहे."

नाना एवढ्या प्रवासात पहिल्यांदा निरुत्तर झालेले मी पाहिले. त्यांना या योगायोगाची व्यवस्था कोणाकडे असते ते विचारता येईना.

त्या खलाशी म्हाताऱ्याचा नंबर नानांनी हौदाबाहेर आल्यावर घेतला होताच. भाषांतराच्या अॅपवरून दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे. बहुतेक पंप आणि गंज या विषयांवर. २५ जानेवारीला पहाटेच मावशीने गच्चीत गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलं. ते उतू गेलं, पूर्वेकडे गेलं, तिने नमस्कार केला. नानांनी त्याचा फोटो काढला आणि सात वाजता ईसाफ्योर्दूरला पाठवून विचारलं, सूर्य आला का?

उत्तर दुपारी आलं. "तुमचा निरोप आला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मी झोपलो होतो. सूर्य आला तरी इथे दुपारी येतो." पाठोपाठ एक फोटो: स्वयंपाकघरातलं टेबल, ताटलीत पॅनकेकची चळत, मागे खिडकी.

"बिचाऱ्याला मध्यरात्री उठवलंत," मावशी म्हणाली. "पॅनकेक छान पातळ झालेत हो. आपल्या घावनांसारखे."

नानांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, ताटली बाजूला सारली आणि खिडकीच्या चौकटीवर डोळे बारीक करून थांबले. "काचा दोन आहेत की तीन," ते म्हणाले, "विचारू का?"